फिकट रेघ

गिरणीच्या मागच्या फाटकाशी पत्र्याची एक केबिन आहे. एक टेबल, एक मिक्सर, हात धुवायचं भांडं, नळ आणि सरकत्या काचेची खिडकी. खिडकी अर्धीच सरकते, पुढे अडते. त्या अर्ध्या खिडकीतून जेवढं जग दिसतं तेवढ्यात पट्टीताईची नोकरी मावते.

पट्टीताई हे नाव तिला ड्रायव्हर लोकांनी दिलं. त्याआधी ती पॅकिंगच्या खोलीत पुड्यांची तोंडं चिकटवायची आणि तिथे तिला कुणी नावानं हाक मारायचं नाही, "ए कोपऱ्यातली" म्हणायचे. मग सरकारचा नियम आला. ज्या धान्याच्या बियाण्यात प्रयोगशाळेत जनुकं बदललेली आहेत ते धान्य ठरलेल्या प्रमाणाबाहेर वापरलं असेल, तर पुड्याच्या दर्शनी बाजूला, वाचता येईल अशा अक्षरात तसं छापायचं. आणि ज्याला "यात तसलं काही नाही" असं छापायचं असेल त्याने ते सिद्ध करून दाखवायचं. गिरणीच्या मक्याच्या पिठावर हिरवा गोल शिक्का होता, "नाही"वाला. तो शिक्का मालकांना सोडायचा नव्हता, म्हणून फाटकाशी केबिन उभी राहिली.

केबिनमध्ये कुणाला बसवायचं यावर पॅकिंगच्या सुपरवायझर बाईंनी क्षणभरही विचार केला नव्हता. तिच्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या होत्या, हिला द्या, हिला एकटं बसायची सवय आहे. सगळ्या हसल्या. तीही हसली. हसायचं असतं तेव्हा हसायला ती फार पूर्वीच शिकली होती.

काम तसं सोपं. मक्याचा ट्रक आला की पोकळ सळई घेऊन हौद्यावर चढायचं, पुढून, मागून, मधून, तळाशी खोचून दाणे काढायचे. सगळे एकत्र कालवून त्याचे दोन भाग करायचे. एक भाग पाकिटात बंद, दुसरा मिक्सरमध्ये. पिठात पाणी घालून हलवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरच्या निवळ पाण्यात कागदाची अरुंद पट्टी उभी करायची. पाच मिनिटं थांबायचं. वर एक रेघ येतेच, ती पट्टी चांगली असल्याची. तिच्याखाली दुसरी उमटली, तर त्या मक्यात बदललेलं वाण आहे. गाडी परत.

आता असली पट्टी दुसऱ्या कुठल्या कामाला वापरतात ते सगळ्या जगाला ठाऊक. पहिल्याच आठवड्यात एका दाढीवाल्याने खिडकीत तोंड घालून विचारलं होतं, "काय ताई, माझी गाडी पोटुशी आहे का?" मागच्याने री ओढली, मुलगा की मुलगी तेही सांगा म्हणावं. तो विनोद मग फाटकावरच राहायला आला. रोज कुणी ना कुणी नवा ड्रायव्हर आपल्यालाच सुचल्यासारखा तो करायचा आणि पट्टीताई रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

घरी तिची एक खोली, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत, तिच्यावरून गेलेला पाण्याचा पाइप. पाइपाला गळती आहे, त्यामुळे भिंतीवर ओलीचा डाग असतो, कधी वाढतो, कधी आक्रसतो. खोलीत शिरल्या शिरल्या ती टीव्ही लावायची. बघायला नाही. कुणीतरी बोलत असलं की भांडी घासायला बरं वाटतं. धाकट्या बहिणीचा फोन यायचा, पण बहिणीच्या मागे दोन मुलं, नवरा, कुकर, आणि फोनवर निम्मं बोलणं त्यांच्याशीच. "तू बोल गं, मी ऐकतेय," असं ती म्हणायची आणि लगेच कुणाला तरी खुर्चीवरून खाली उतर म्हणून ओरडायची. पट्टीताई मग बोलायची नाही. बोलण्यासारखं होतं काय? एक रेघ, एक रेघ, दोन रेघा, एक रेघ.

बोलायचं ते ती सुतळीमामांसाठी राखून ठेवायची.

सुतळीमामा म्हणजे एक म्हातारा ड्रायव्हर. गाडीचा आरसा, दरवाजाची कडी, चपलेचा अंगठा, जे जे निखळेल ते सुतळीने बांधायचे, म्हणून हे नाव. जुनंच बियाणं लावणाऱ्या शेतकऱ्यांचा एक गट होता, त्यांचा मका ते आणायचे. बाकीचे ड्रायव्हर गाडीतच बसून फोन बघायचे. मामा पहिल्या दिवसापासून न विचारता केबिनमध्ये आले, कोपऱ्यातला रिकामा डबा उलटा घातला आणि त्यावर बसले. पट्टी पाण्यात उभी राहिली की त्यांचं सुरू व्हायचं. त्यांच्या बायकोला ऐकू कमी यायचं. "घरी मी बोलतो ते टीव्हीला," ते म्हणायचे, "आणि टीव्ही बोलतो ते हिला. आमच्या दोघांचा संबंध तसा टीव्हीमार्फत." मग बायको मालिकेतल्या खलनायिकेला कशी दम देते ते साभिनय दाखवायचे. पदर नसताना पदर खोचायचे.

पट्टीताई हसायची ते खरंखुरं, पोटातून. तिला स्वतःलाच नवल वाटायचं, एवढं हसू शिल्लक होतं म्हणून.

हळूहळू तीही सांगू लागली. घरमालकीण जिन्यात उभी राहून भाडेकरूंच्या पिशव्यांत कशी डोकावते, "कांदे किती गं मोठे" म्हणत आत मटण आहे का ते कसं बघते. घरमालकिणीचा आवाज तिला झकास जमायचा. घरी एकटी असताना ती तो आरशासमोर घोटायची. मामांचा दिवस जवळ आला की कुठली गोष्ट आधी सांगायची, कुठली नंतर, हे ती भाजी चिरता चिरता ठरवायची. पाच मिनिटांत बसायला हवं ना.

खरं म्हणजे पाचात ते कधी बसायचंच नाही. पट्टीवर रेघ येऊन स्थिर झालेली असायची, तरी ती पट्टी बाहेर काढायची नाही. "अजून जरा राहू दे," म्हणायची. मामांनाही घड्याळ कळत होतं. ते डब्यावर अंमळ मागे रेलायचे.

एकदा त्यांनी विचारलं होतं, तुम्ही स्वतः कुठलं पीठ खाता. तिने सांगितलं, दुकानात पुढे असेल ते. बहीण मात्र हिरव्या शिक्क्याशिवाय पुडा घरात घेत नाही. मामा म्हणाले, मग खरं काय? वाईट असतं का ते? तिला सांगता आलं नव्हतं. शिकलेली माणसंही त्यावर भांडतात, तिने वाचलं होतं. तिला एवढंच वाटायचं की ज्याच्या हातात पुडा आहे त्याला कळलेलं असावं. मग खावं की टाकावं, त्याचं तो बघेल.

त्या दिवशी मामा आले ते उशिरा, आणि आल्या आल्या बसले नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, गाडी धुऊन घेतलीय. हौदा दोनदा झाडला, ताडपत्रीही झटकली. मधे इंजिनाच्या कामापायी पैसे अडकले होते, मग मुलाने याच गाडीतून पशुखाद्याच्या मक्याची एक खेप मारून घेतली, पण झाडून घेतलंय सगळं.

मामा असलं कधी सांगत नसत. पट्टीताईच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही, कारण तिच्या डोक्यात घरमालकिणीची नवी गोष्ट घोळत होती. तिने सळई उचलली, फाळक्यावर पाय देऊन हौद्यावर चढली, ठरल्या जागी खोचून दाणे काढले. खाली उतरून भांडं स्वच्छ विसळलं, मका दळला, पाणी घातलं, पट्टी उभी केली. आणि सुरू झाली. घरमालकिणीने म्हणे गच्चीवर कुणाची तरी उशी वाळत घातलेली पाहिली आणि ती आपलीच आहे असा तिला साक्षात्कार झाला. मग जिन्याजिन्यातून उशीचा वास घेत,

"ती खालच्या मास्तरांच्या दारात आली आणि म्हणाली..."

पट्टीताई थांबली.

वरची रेघ आली होती, लालभडक. तिच्याखाली काहीतरी होतं. रेघ म्हणावी तर रेघ नाही. पाण्यात पडलेल्या केसाची सावली असावी तसं.

"मग? काय म्हणाली?" मामांनी विचारलं. ते डब्यावर बसले होते, पण पाठ ताठ होती.

"मामा, जरा थांबा."

तिने पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. तिरपी केली. पुन्हा सरळ केली. मग दुसरं भांडं घेतलं, बंद पाकीट फोडलं, पहिल्यापासून सगळं पुन्हा केलं.  मिक्सर थांबल्यावर केबिन एवढी शांत झाली की नळाचा थेंब पडलेला कळला. उशी मास्तरांच्या दारातच राहिली.

दुसऱ्या पट्टीवरही तेच. फिकट, पण तिथेच, तेवढ्याच जागी.

तिने गिरणीच्या साहेबांना फोन लावला. साहेब अंगणापलीकडच्या ऑफिसात कुणाशी तरी बोलत होते. फिकट आलीय, साहेब, म्हणाली. ते म्हणाले फिकट म्हणजे काय, आहे की नाही एवढंच सांग, मी इथून काय बघणार. आणि फोन ठेवला.

म्हणजे आता तिच्यावरच होतं. फिकट रेघही रेघच, हे प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "आहे" म्हटलं की माल परत, तो पशुखाद्यात जाईल. शिवाय ती गाडी या हंगामापुरती यादीतून बाद. शेतकऱ्यांचा गट दुसरी गाडी लावेल. त्या गटाचं, गिरणीचं, शिक्क्याचं काही अडणार नव्हतं. मामांच्या या जवळच्या सोप्या खेपा जाणार होत्या. आणि केबिनमधला तो उलटा डबा रिकामा होणार होता. आपल्याला वाईट नेमकं कशाचं वाटतंय हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिची तिलाच लाज वाटली.

मामा उठून टेबलाशी आले. दोन्ही पट्ट्या पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. ते वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"एवढ्याशानं कुणाच्या पोटात काय होणार आहे, ताई?"

"मला नाही माहीत. ते मी बघतच नाही मामा. मी फक्त आहे का नाही ते बघते."

"मग नाही म्हणा." ते हळू बोलत होते, समजूत घातल्यासारखं. "मला तर काही दिसत नाही. तुम्ही बघायचंच म्हणून बघताय, म्हणून तुम्हाला दिसतंय."

पट्टीताईने मान वर केली.

हे वाक्य तिने आधी ऐकलं होतं. अगदी हेच, फक्त तेव्हा त्यात ताई नव्हतं. सकाळची वेळ होती, न्हाणीघराच्या झरोक्यातून ऊन येत होतं आणि हातात अशीच पट्टी. कितीतरी वर्षांच्या एकेरी रेघांनंतर त्या दिवशी खाली काहीतरी होतं. ती पट्टी तशीच ओली धरून बाहेर धावली होती. नवरा शर्टाची बटणं लावत होता. त्याने पट्टी हातात घेतली नाही, नुसती बघितली. काही नाहीये, म्हणाला. तुला दिसायचंच आहे, म्हणून दिसतंय. तिने पुन्हा बघ म्हटलं. तो बघत होता बटणाकडे. काही दिवसांनी सगळं संपलं, पोटात कळा येऊन, एका दुपारी, घरात कुणी नसताना. सांगायचं कुणाला? जे नव्हतंच ते गेलं असं कसं सांगतात? सासूबाईंना तिने पाळी लांबली होती एवढंच सांगितलं. पुढे नवराही गेला, दुसऱ्या घरी. तिथे त्याला मुलंही झाली. आणि तिने वर्षानुवर्षं त्याचंच खरं धरलं. नव्हतीच रेघ. आपल्यालाच हौस.

ते सगळं बहुधा तिच्या चेहऱ्यावर उमटलं असावं, कारण मामा एक पाऊल मागे सरले.

ती पुन्हा पट्ट्यांवर वाकली. डोळे मिटले, उघडले. जोर लावून बघितलं नाही, सहज बघावं तसं बघितलं. रेघ तिथेच होती. कुणाच्या हौसेनं आलेली नव्हती, कुणाच्या नाही म्हणण्यानं जाणार नव्हती.

"आहे, मामा."

"नक्की?"

"नक्की. फिकट आहे. पण आहे."

तिने साहेबांना फोन करून तेच सांगितलं. ते बरं म्हणाले. चिठ्ठीवर तिने "आहे"च्या चौकटीत खूण केली, सही केली. 

मामांनी चिठ्ठी घेऊन खिशात घातली. ते चिडतील, आवाज चढवतील, असं तिला वाटलं होतं. ड्रायव्हर चढवतात. एकाने तर एकदा खिडकीची काच ठोकून तिच्या सात पिढ्यांची चौकशी केली होती. मामांनी तसलं काही केलं नाही. नळावर हात धुतले, धोतराला पुसावेत तसे पँटला पुसले.

"म्हणजे आता तुम्ही येणार नाही," ती म्हणाली. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघालं.

"कसा येणार? नियम तुम्हीच तर वाचून दाखवला होता मला."

"हो."

"छान वाचला होता," मामा म्हणाले. "त्या घरमालकिणीच्या आवाजात."

त्यावर दोघंही हसले नाहीत. मामा बाहेर गेले. ताडपत्रीची दोरी आवळली, एका जागी सुतळीची गाठ सुटली होती ती दातांनी ओढून पुन्हा घट्ट केली. गाडीत चढले. इंजिन सुरू झालं, गाडी मागे घेत घेत केबिनच्या खिडकीशी आली आणि तिथे थांबली. मामांनी काच खाली केली. इंजिनाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून ती खिडकीतून जमेल तेवढी बाहेर वाकली.

"ताई, दिसली होती मला," ते म्हणाले. "तुमच्या आधी दिसली होती."

आणि गाडी फाटकातून बाहेर पडली.

पुढच्या खेपेला शेतकऱ्यांच्या गटाची दुसरी गाडी आली, नवी, निळी, आरसे जागच्या जागी. ड्रायव्हर तरणा होता. पट्टी पाण्यात उभी करून पट्टीताईने खिडकीतून त्याला विचारलं, आत येऊन बसायचं तर बसा, डबा आहे. तो म्हणाला, इथंच बरंय काकू. काच वर करून कानात काहीतरी अडकवलं आणि मान हलवत बसला. तिने पट्टी बरोबर पाच मिनिटांनी काढली. एकच रेघ. फाटक उघडलं.

मामांचा फोन नंबर तिच्याकडे नव्हता. कधी लागलाच नव्हता. गाडीचा नंबर तेवढा पाठ होता, पण त्या नंबरवर कुणाला फोन करता येत नाही. घरमालकिणीची उशी शेवटी कुणाची निघाली हे सांगायचं राहून गेलं. ती गोष्ट घरी भांडी घासताना जिभेवर यायची आणि टीव्हीवाल्यांना सांगण्यात काही अर्थ नसायचा.

पण रात्रंदिवस मनात घोळायचं ते वेगळंच. मामांना दिसली होती आणि ते नाही म्हणाले. रागावायला हवं होतं त्यांच्यावर. राग येत नव्हता. पोटापाण्याला घाबरलेलं माणूस नाही म्हणतं, त्यात काय. पण जाता जाता ते खरं सांगून गेले. गाडी थांबवून, काच खाली करून. सांगायची काही गरज नव्हती. मग दुसऱ्या कुणालाही, त्या सकाळी, बटणं लावता लावता, दिसलीच असेल की. इतकी वर्षं तिने आपल्या डोळ्यांना खोटं पाडलं होतं. डोळे तर बरे होते. त्यावरच तर गिरणी तिला पगार देत होती.

रविवारी बहिणीचा फोन आला. मागे नेहमीची धांदल. तू बोल गं, मी ऐकतेय.

"तुला एक सांगायचंय," पट्टीताई म्हणाली. "मला एकदा दिवस गेले होते."

पलीकडे काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज झाला. मुलं भांडत होती, पण बहीण त्यांच्यावर ओरडली नाही.

"कधी? अगं, कधी? मला कसं नाही सांगितलंस?"

"त्यांना सांगितलं होतं. पट्टी दाखवली होती. नाही म्हणाले."

"दिसली नसेल गं," बहीण म्हणाली. तिचा आवाज एकदम लहानपणीचा झाला होता. "पुरुषांना कुठं कळतं त्यातलं. फिकट असेल, दिसली नसेल."

"फिकट होती. दिसली असणार."

 मग तिकडे काहीतरी जोरात पडलं, कुणीतरी भोकाड पसरलं, आणि ती घाईघाईने म्हणाली, थांब हं, ठेवू नकोस, नाही, ठेव, मी करते परत, लगेच करते, खरंच करते.

पट्टीताईने फोन मांडीवर ठेवला. टीव्ही लावायला उठली, मग नाही लावला. खोलीत कुणी बोलत नव्हतं. खाली दुकानात सायकलचं चाक कुणीतरी नुसतंच फिरवून बघत होतं, त्याची टकटक मंदावत मंदावत थांबली. ती तशीच बसून राहिली, फोन वाजायची वाट बघत.